टोपी मी घातली, दावा तिचा होता

"वाजव की रं. हात मेले का तुझे?"

तात्यांचा मोठा मुलगा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मला हे म्हणाला. मी त्याच्याहून तीसेक वर्षांनी मोठा. तो हायस्कूलला होता तेव्हा मी तिथं शिपाई होतो. शाळेत शिपायाला सगळी पोरं मामा म्हणतात. तोही म्हणायचा. शाळा सुटली, मामाही सुटला.

माझ्या गळ्यात हलगी होती. समोर माझ्या धाकट्या बहिणीचं, गयाचं घर होतं. तिचा दावा त्याच दुपारी पाथर्डीच्या कोर्टानं फेटाळला होता. जिंकले ते तात्या. आमच्या गावात सोसायटी त्यांची, दूध डेअरी त्यांची, आमच्या वस्तीला लागून असलेली जमीन त्यांची. निकाल लागला म्हणून त्यांनी मिरवणूक काढली आणि ती मुद्दाम आमच्या वस्तीतून नेली. हरलेल्या बाईच्या दारावरून. वाजवायला तिचाच भाऊ.

डीजे आणला होता. तरी हलगी पाहिजे होती. तात्या म्हणाले, "डीजे भाड्यानं मिळतो. हलगी गावातलीच पायजे."

गावातली म्हणजे मातंग वस्तीतली. वस्तीत त्या वेळी चांगली वाजवणारा मी एकटा. माझा बाप वाजवायचा, आजा वाजवायचा. लग्न असो, जत्रा असो, कुणाचा बैल पहिला आला असो, आमच्याकडं निरोप यायचा. निरोप आला की जायचं. विचारायची पद्धत नव्हती. विचारलं असतं तरी सांगतो, माझा मुलगा तेव्हा तात्यांच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता.

वस्तीच्या तोंडाशी पाचट पेटवून मी हलगी शेकली. चामडं ताणलं. मग वाजवली. आणि खोटं कशाला बोलू, चांगली वाजवली. हाताला सवय असते. हाताला कळत नाही कुणाच्या दारात आहोत.

गया बाहेर आली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. माझ्या हातांकडं बघत राहिली. घासून पालथी घातलेली भांडी अंगणात होती, त्यांच्यावर गुलाल पडत होता.

तात्यांचा मुलगा खाली उतरला. म्हणाला, "गयाबाई, पानी द्या की जरा. जितलो आमी, घसा वाळला."

सगळे हसले. आमच्या घरचं पाणी त्यांच्या घरात कुणी पीत नाही, हे हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गया आत गेली. तांब्या भरून आणला. त्यानं तो घेतला, हातावरचा गुलाल त्या पाण्यानं धुतला, तांब्या जमिनीवर ठेवला आणि पुन्हा ट्रॅक्टरवर चढला.

मी वाजवत होतो.

मिरवणूक मारुतीच्या पारापाशी थांबली. तिथं तात्यांनी मला पुढं बोलावलं. माझ्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला. डोक्यावर पांढरी टोपी घातली. हातात नारळ दिला. आणि मोठ्यानं म्हणाले, "मिटलं."

बाकीचे म्हणाले, "मिटलं, मिटलं."

मी मान हलवली.

आमच्या भागात टोपी-टॉवेल म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. लग्नात मानपान म्हणून देतात ते वेगळं. भांडणात ज्यानं समोरच्याच्या हातची टोपी डोक्यावर घेतली, त्यानं भांडण सोडलं. लिहिणं नाही, सही नाही, अंगठा नाही. देवासमोर, चार माणसांसमोर टोपी घातली की पुन्हा तो विषय तोंडातून काढायचा नाही. काढला तर तो माणूस उलटा. त्याच्या लग्नाला कुणी येत नाही, मयताला खांदा देत नाही. बांधाची भांडणं, विहिरीची भांडणं, भावाभावांची वाटणी, सगळी टोपीखाली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

म्हणून मला वाटलं, संपलं. कोर्टानं निकाल दिला आणि टोपीनं शिक्का मारला.

दावा वाटेचा होता. आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्याला मिळणारी एक गाडीवाट होती. माझा आजा त्या वाटेनं यायचा. माझी वरात त्या वाटेनं आली. वस्तीतली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, वस्ती रिकामी होते. एका वर्षी अशीच सगळी कारखान्यावर गेली. गयाही गेली होती. नवरा वारल्यापासून ती मुकादमाच्या टोळीत एकटी जायची. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत आली तर वाटेवर तात्यांची कांदा साठवायची चाळ उभी. लोखंडी अँगल, जाळी, वर पत्रे. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. आता रस्त्याला जायचं तर ओढ्यातून वळसा घालून. उन्हाळ्यात ठीक, पण ओढ्याला पाणी आलं की वस्ती बेट.

सगळे कुरकुरले. तात्यांकडं कुणी गेलं नाही. गया गेली.

तात्या म्हणाले, "वाट कुठं हुती? पायाखाली रान तुडवायचा तुमी आमचं."

ती तशीच पाथर्डीला गेली आणि दावा लावून आली. वस्तीतल्या एकट्या बाईनं. मी शाळेत नोकरी केलेला, चार अक्षरं वाचणारा, म्हणून तारखेला तिच्याबरोबर मी जायचो. कागद मी सांभाळायचो. वकिलांशी मी बोलायचो. तिला लिहिता-वाचता येत नाही. कोर्टात काय चाललंय ते तिला माझ्या तोंडून कळायचं. हे लक्षात ठेवा. सगळं पाप यातच आहे.

मोजणीदार आला होता. त्याचा नकाशा फाईलला लागला होता. जुना गावनकाशाही लागला होता, त्यात तुटक रेघांनी गाडीवाट दाखवलेली. पण गावातलं कुणीही म्हातारं माणूस साक्षीला आलं नाही. मी साक्ष दिली, तर समोरचे वकील म्हणाले, हा सख्खा भाऊ. निकालात लिहून आलं की वाट पूर्वापार होती हे वादीला शाबीत करता आलं नाही. नकाशाबद्दल निकालात एक ओळ नव्हती. हे मला फार पुढं कळलं. त्या दिवशी मी फक्त 'फेटाळला' एवढंच ऐकलं, आणि संध्याकाळी हलगी शेकली.

मिरवणुकीनंतर दोन-तीन दिवसांनी गया माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"दादा, वरच्या कोर्टात जायचं."

मी म्हणालो, "आता कसं जायचं? टोपी घातली ना."

"टोपी तू घातलीस. मी घातली का?"

माझी बायको शांता चुलीपाशी होती, ती म्हणाली, "खरंच की वो. दावा तर वन्संचा हाय." मी तिच्यावर ओरडलो. गयाला म्हणालो, "वकिलाला इचारतो."

मला विचारावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पाथर्डीहून वकीलसाहेबांचाच फोन आला. ते म्हणाले, "निकालाची नक्कल मागवू का? अपील करायचं असेल तर नगरला जिल्हा न्यायालयात. मुदत महिन्याची आहे, लांबवू नका. माझ्या मते करायला हवं."

मी म्हणालो, "नको साहेब. गावात मिटलं."

"मिटलं म्हणजे? गयाबाईंनी काही लिहून दिलं का?"

"न्हाई. पण मिटलं."

ते म्हणाले, "बघा बाबा. तुमची मर्जी."

माझी मर्जी. माझ्या मर्जीचा काय संबंध होता तिथं? हे त्यांनीही विचारलं नाही, मीही नाही. पुरुष माणूस बोलला म्हणजे घर बोललं, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.

संध्याकाळी मी गयाच्या घरी गेलो. म्हणालो, "वकील म्हनतो, आता काय हुत न्हाई. कायद्यात बसत न्हाई."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. तिनं विचारलं, "तसं म्हनले?"

"व्हय."

"बरं," ती म्हणाली. आणि पुन्हा निवडायला लागली.

हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या हातानं इथं पहिल्यांदा कागदावर मांडतो आहे. वकील तसं म्हणाले नव्हते. मी खोटं बोललो. माझ्या सख्ख्या बहिणीशी, जिला माझ्याशिवाय दुसरं कुणी वाचून दाखवणारं नव्हतं. का बोललो? मुलाची नोकरी होती, हे खरं. गावाची भीती होती, हेही खरं. पण त्याहून खरं असं, की मला वाटायचं वरच्या कोर्टात गेलो की न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, 'तुम्ही टोपी घातली होती का?' आणि मी व्हय म्हणालो की सगळी हसतील. पारावर हसतात तसं. हायस्कूलात इतकी वर्षं घंटा दिली, ध्वजाला सलाम केला, संविधान दिनाला पोरांना रांगेत उभं केलं. पण कायदा म्हणजे पार नव्हे, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मला वाटायचं वर कुठंतरी मोठा पार असेल आणि तिथं मोठे तात्या बसलेले असतील.

चार पावसाळे गेले.

गया माझ्याशी बोलायची नाही असं नाही. कामापुरतं बोलायची. माझ्या घरी जेवली नाही. शांता तिच्याकडं भाजी घेऊन जायची, ती ठेवून घ्यायची.

मग तो भाद्रपद आला. आमच्याकडं एरवी पावसाची बोंब. त्या वर्षी ओढा चार दिवस उतरला नाही. भर दुपारी शांताच्या छातीत कळ आली. घाम सुटला. मुलानं फोन केला, रुग्णवाहिका आलीही लवकर. चाळीच्या पलीकडं, डांबरीवर उभी राहिली. आम्हाला तिचा पांढरा टप दिसत होता. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. मध्ये कांद्याची चाळ, तारेचं कुंपण आणि कुलूप. तात्यांची सगळी माणसं साखरपुड्याला शेवगावला गेलेली. किल्ली कुणाकडं नाही.

वस्तीतला एकजण पक्कड घेऊन आला. म्हणाला, "तार तोडतो."

आणि मी म्हणालो, "नको. कोर्टाचा निकाल त्यांच्याकडनं हाय. केस हुईल."

मी म्हणालो. दुसरं कुणी नाही.

शांताला बाजेवर घातलं आणि ओढ्यातून नेलं. पाणी कमरेच्या वर. बाजेच्या एका पायाला मुलगा, एकाला मी, एकाला शेजारी. चौथ्या पायाला गया. ती माझ्याहून बुटकी, तिच्या छातीपर्यंत पाणी. एकदा तिचा पाय घसरला, बाज कलली, शांताचा हात पाण्यात गेला. तिनं तो उचलला नाही. तेव्हाच मला कळलं असावं.

पलीकडच्या काठाला बाज टेकवली. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरनं डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि मान हलवली. सरळ वाटेनं आलो असतो तर ती जगली असती का, मी त्याला विचारलं. तो तरुण होता. म्हणाला, "बाबा, ते सांगता येत नाही." मीही सांगत नाही. जे माहीत नाही ते मला आता लिहायचं नाही.

गया चिखलात बसली होती. अंगावरचं लुगडं निथळत होतं. तिनं शांताच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग माझ्याकडं वर बघितलं आणि म्हणाली,

"वाजव आता."

एवढंच. मग ती शांताच्या छातीवर डोकं ठेवून रडली. मी उभा होतो. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोललं. शिव्या दिल्या, नावं ठेवली. त्यातलं काहीही इतकं आत गेलं नाही. कारण त्या सगळ्यांना माझा अपमान करायचा होता. गयानं फक्त खरं सांगितलं.

दहावा झाला आणि मी पाथर्डीला गेलो.

वकीलसाहेब आता थकले होते. मी विचारलं, "साहेब, टोपी घातली असली तरी अपील हुतं का?"

त्यांना आधी समजलंच नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, कायद्याला टोपी माहीतच नाही. गयाबाईंनी कोर्टात तडजोड लिहून दिली असती, तर वेगळं. तुम्ही मारुतीपुढं काय घातलं, त्याला दिवाणी कायद्यात जागा नाही."

चार वर्षं मी ज्याला भिऊन राहिलो, ते कायद्याला माहीतच नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मी इथं लिहितो, कारण वस्तीतल्या कुणाला तरी पुन्हा लागेल. खालच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला की त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज द्यायचा. दिवाणी दाव्याचं अपील जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत घालायचं. नक्कल मिळायला जेवढे दिवस लागतात, ते त्यात धरत नाहीत. नवीन साक्षीदार गोळा करायची गरज नसते. खाली जे कागद आणि जी साक्ष झाली, तेच वरचे न्यायाधीश पुन्हा वाचतात आणि खालच्यांचं कुठं चुकलं ते पाहतात. आमच्या निकालात नकाशाचा विचारच झाला नव्हता, तर अपिलात पहिला मुद्दा तोच असता. वकील करायला ऐपत नसली तरी अडत नाही. बाईला आणि आमच्यासारख्या जातीतल्या माणसाला सरकारकडून फुकट वकील मिळतो. मुदत गेली असेल, तर उशीर का झाला ते प्रतिज्ञापत्रावर सांगून माफी मागायची. कारण पटलं तर न्यायाधीश अपील ऐकतात. नाही पटलं तर दार बंद.

"चार वर्षांचा उशीर जड आहे," साहेब म्हणाले. "पण एक करू. गयाबाई आजारी होत्या असं लिहू. एखाद्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मिळतं. सगळे तसंच करतात."

मला वाटलं, सोपं आहे. कुणाला काही सांगावं लागणार नाही. गयाला म्हणायचं, वकील म्हणाले आता कायदा बदलला, बसतंय. एक खोटं दुसऱ्या खोट्याखाली गाडून टाकायचं. एसटीत बसेपर्यंत मी तेच ठरवलं होतं. तिसगावला उतरलो, बाजार भरला होता. शांतासाठी शेव घ्यायची सवय, हात खिशात गेला. तिथंच उभा राहिलो. लोक धक्के देऊन जात होते.

घरी न जाता गयाकडं गेलो. ती शेळीला पाला टाकत होती.

मी म्हणालो, "गया, वकील तवा न्हाई म्हनले नव्हते. अपील करा म्हनले हुते. मीच नको म्हनलो. तुला खोटं सांगितलं."

ती वळली नाही. पाला टाकत राहिली. शेळी खात राहिली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, "शांतावैनीला म्हाईत हुतं?"

"न्हाई."

"बरं झालं."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तिनं मला आत घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्या दारात उभी. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"चल नगरला. कागद घे. समदे घे. आन आता वकील काय बोलंल ते माझ्यासमोर बोलंल."

नगरला मोफत सल्ल्याच्या कार्यालयातून एक वकीलबाई मिळाल्या. वयानं लहान. त्यांनी माझ्याकडं न बघता गयाला विचारलं, "मावशी, उशीर कशामुळं झाला?"

मी बोलायला तोंड उघडलं. गयानं हात आडवा केला.

"मी आजारी नव्हते," ती म्हणाली. "मला फसवलं. ह्यानं. हा माझा भाऊ हाय. तेच लिवा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाल्या, "बाबा, हे तुम्ही शपथेवर सांगाल? समोरचे वकील तुम्हाला सोडणार नाहीत. म्हणतील, आत्ता बनवून सांगताय. म्हणतील, घरच्या माणसानंच मिटवलं होतं. खोटारडा म्हणतील भर कोर्टात. आणि एवढं करून न्यायाधीश उशीर माफ करतीलच, असं नाही. सर्टिफिकेट कदाचित सोपं गेलं असतं."

"सांगीन," मी म्हणालो.

"तुम्हाला मिटवायचा अधिकार होता का?"

"न्हवता."

"गयाबाईंनी दिला होता?"

"न्हाई."

"मग तो का वापरलात?"

त्या थांबल्या. घाई केली नाही. शेवटी मी म्हणालो, "वर तात्या माझ्यावर वापरत हुते. खाली मी हिच्यावर वापरला."

त्यांनी लिहून घेतलं. माझ्या साध्या शब्दांत. गयानं अंगठा दिला, मी सही केली. अपील आणि उशिराचा अर्ज दोन्ही गयाच्या नावानं दाखल झाले.

तात्यांना नोटीस गेली आणि मला बोलावणं आलं. ते आता पंच्याहत्तरीचे. पडवीत खुर्चीवर बसले होते. मुलगा भिंतीला टेकून उभा. मला पायरी दाखवली. मी बसलो नाही.

"देवापुढं टोपी घातली तू," तात्या म्हणाले.

"व्हय."

"मंग?"

"माझं मिटलं आसंल, तात्या. दावा गयाचा हाय."

मुलगा म्हणाला, "म्हाताऱ्या, बायको मेल्यापासनं डोकं फिरलंय तुझं. पोराला टेम्पोवर ठिवला हुता, इसरला?"

"त्यानं सोडला टेम्पो. सुप्याला कंपनीत लागला. आईला वड्यातनं नेली त्याच आठवड्यात सोडला. इचारा त्याला का सोडला."

तात्यांनी आपल्या मुलाला हातानं मागं सारलं. आवाज खाली आणला. "हे बघ. आपन काय परके हाय का? चाळीच्या कडंनं पायवाट सोडतो. मानूस जाईल यवढी. अर्ज काढून घ्यायला लाव बहिनीला."

मी कबूल करतो, मला मोह झाला. माणूस जाईल एवढी वाट. चार वर्षांपूर्वी एवढी मिळाली असती तर शांताला पाठीवर घेऊन तरी तिथून गेलो असतो. मी 'बरं' म्हणणारच होतो. ओठांपर्यंत आलं होतं. साठ वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

"ते तिला इचारा," मी म्हणालो. "तिच्या दारात जाऊन."

"मी जाऊ? त्या दारात?"

"मिरवनूक घिऊन आला हुता की."

तात्यांचं तोंड पांढरं पडलं. मुलगा अंगावर आला, त्यांनी त्याला धरलं. मी पडवीतून निघालो. मला कुणी शूर म्हणू नये. शूर असतो तर हे चार वर्षं आधी बोललो असतो, आणि कदाचित शांता आज चुलीपाशी बसलेली असती. कदाचित. तो शब्द मला मरेपर्यंत पुरणार आहे.

तात्या गयाच्या दारात गेले नाहीत.

गावात आता मला कुणी बोलावत नाही. पारापाशी गेलो की बसलेले उठतात. वस्तीतलेही काही म्हणतात, "मिळत हुती पायवाट ती घ्यायची. म्हाताऱ्यानं घालवली." त्यांचंही चूक नाही; पोरांना शाळेत ओढ्यातून जावं लागतं. गया त्यांना एकच सांगते, "पायवाटंनं बाज जात न्हाई."

गयानं मला माफ केलेलं नाही. मी मागितलेलीही नाही. आम्ही एसटीत शेजारी बसून नगरला जातो. ती खिडकीपाशी बसते. डबा तिचा वेगळा, माझा वेगळा. मागच्या तारखेला ती मला म्हणाली, "दादा, तिथं रडू नगंस. तू रडलास की समदे तुझ्याकडं बघत्याल, आन वाट ऱ्हाईल बाजूला."

मी रडणार नाही.

पुढच्या तारखेला माझा उलटतपास आहे. तात्यांचे वकील विचारतील, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? मी सांगणार, तेव्हा. विचारतील, पैसे घेतले होते का? मी सांगणार, नाही, फुकट केलं. विचारतील, बहिणीला फसवताना लाज वाटली नाही का? मी सांगणार, त्या वेळी नाही वाटली. जे असेल ते सगळं, तात्या समोरच्या बाकावर बसलेले असताना, त्यांच्याकडं बघून सांगणार.

उशीर माफ झाला, तर अपील चालेल. नाही झाला, तर वकीलबाई म्हणतात, त्या हुकुमाविरुद्धही उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाता येतं. "जायचं," गया म्हणाली. मला विचारलं नाही. मला विचारायचं कारणही नाही.

माझं काम आता एवढंच उरलं आहे. हुकूम होईल त्या दिवशी, कोर्ट उठायच्या आत, नकलेचा अर्ज द्यायचा. नक्कल हातात आली की गयासमोर बसायचं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिला वाचून दाखवायची. आमच्या विरुद्ध लिहिलेलं असेल तेही. माझ्याबद्दल लिहिलेलं असेल तेही. एक शब्द न गाळता.